पुढची खोली आणि रविवारचा वर्ग

मी, लोटू नथ्थू बोरसे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा वकिली, मूळ राहणार तालुका पारोळा, जिल्हा जळगाव, हल्ली राहणार लिंबायत, सुरत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अक्षरात आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डॉक्टरांच्या मते माझं हृदय आता भरवशाचं राहिलेलं नाही. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी दहाला येऊन माझी उलटतपासणी घ्यावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. लोकांची शंभरेक लिहून दिली, स्वतःचं मात्र आळसापायी राहून गेलं.

१. लिंबायतमधलं दोन खोल्यांचं घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. पत्नी शोभाबाई पाच वर्षांपूर्वी वारल्या. आम्हाला मूलबाळ नाही. घराची मागची खोली, स्वयंपाकाची जागा आणि गच्ची मी माझा पुतण्या योगराज याला देत आहे. योगराजने माझी औषधं, माझं पथ्य आणि माझा तिरसटपणा तिन्ही सांभाळले. पुढच्या खोलीत एस.टी.डी. बूथ टाकायचा त्याचा विचार आहे, हे मला ठाऊक आहे. तो विचार त्याने सोडून द्यावा. पुढच्या खोलीचं कलम चारमध्ये सांगितलं आहे.

२. पोस्टातली शिल्लक बहीण उषाबाईला. त्याबद्दल कोणी तिला सल्ला देऊ नये.

३. माझा काळा कोट कोणा एकाला देत नाही. सतरा मुलामुलींनी पहिल्यांदा कोर्टात उभं राहताना तो घातला आहे. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या बापाच्या पोराकडे वकिलीची सनद येते तेव्हा कोट आलेला असतोच असं नाही. तो खिळ्यावरच राहावा. ज्याला लागेल त्याने न्यावा, धुऊन परत आणावा. कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या मुलांना ‘लूमवाले वकील’ म्हणून हसणारे एक वकीलबंधू आहेत. त्यांना मी काही ठेवलेलं नाही. तीन वेळा आमच्याच मुलांकडून त्यांनी हार पत्करली, तेवढं पुरे आहे.

४. आता पुढची खोली. दहा बाय बारा, दोन सतरंज्या, एक फळा, कपाटभर कायद्याची पुस्तकं आणि गुजराती टंकयंत्र. या खोलीत एकवीस वर्षं दर रविवारी मी कायदा शिकणाऱ्या मुलांना वकिली शिकवली. कायदा त्यांना कॉलेजात शिकवतात आणि चांगला शिकवतात. समोर बसलेल्या माणसाकडून त्याची हकीकत कशी काढायची, हे मात्र कुठल्याच पेपरात येत नाही. म्हणून माझ्याकडे पहिले तीन महिने पुस्तकाला हात लावायचा नाही, असा नियम होता. पक्षकाराचं ऐकायचं, एका पानात लिहायचं, आणि सही घेण्याआधी त्याच्याच बोलीत त्याला वाचून दाखवायचं. आपली माणसं वकिलासमोर प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. ती मान म्हणजे होकार नव्हे, तो आदर असतो. हे ज्याला कळलं त्याला निम्मी वकिली आली.

शोभाबाई हयात होत्या तोवर उलटतपासणीच्या सरावाला साक्षीदार त्याच असत. पोळ्या लाटता लाटता येऊन बसायच्या. एकदा एका पोराने त्यांना मोठ्या आवाजात दरडावून विचारलं, ‘त्या वेळी तुम्ही तिथे नव्हता, हे खरं ना?’ शोभाबाई म्हणाल्या, ‘तू व्हता का तठे? मंग मीच व्हतू का नही ते तुले कसं माहीत?’ पोरगं खाली बसलं. आज ते नवसारीला चांगली प्रॅक्टिस करतं आणि दरडावत नाही. माझ्याइतकंच या मुलांना शोभाबाईंनी घडवलं, हे इथे लिहून ठेवतो.

ही पुढची खोली, आतल्या सगळ्या सामानासह, मी कु. वर्षा रामदास शिरसाठ, वकील, राहणार लिंबायत, यांना कायमची देत आहे, रविवारचा वर्ग पुढे चालावा यासाठी. का, ते कलम पाचमध्ये आहे. ते वाचून माझ्याबद्दलचं मत बदललं तर बदलू द्यावं.

५. चार वर्षांपूर्वी भटू हिरामण कोळी माझ्याकडे आला. पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये मशीनवर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. मालक म्हणत होता, हा आमचा कामगारच नाही. मी नुकसानभरपाईचा अर्ज तयार केला. त्यात लिहिलं की अर्जदार अमुक तारखेपासून कामावर होता व त्याची नोंद हजेरीपत्रकात आहे. भटूने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल व्हायचा होता.

वर्षा तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. सराव म्हणून मी तिला अर्ज वाचून दाखवायला बसवलं. हजेरीच्या वाक्यापाशी ती थांबली आणि तिने विचारलं, ‘भटूभाऊ, हजेरी कोणाना नाववर लागे?’

भटू जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘सुकदेवना.’

सुकदेव हा त्याचा थोरला भाऊ. तो पेरणीला गावी गेला, आणि त्याची जागा जाऊ नये म्हणून भटू त्याच्या हजेरीकार्डावर कामाला जाऊ लागला. आमच्या माणसांत हे घरोघर चालतं. मुकादमाला माहीत असतं, मालकाला माहीत असतं. आणि वकिलासमोर कोणी बोलत नाही, कारण भावाची नोकरी जाईल. मी स्वतः दोन वर्षं चुलत्याच्या कार्डावर मिलमध्ये काम केलं आहे. तरीही मी विचारलं नाही. कोट अंगावर चढला की माणूस काय काय विसरतो!

तो अर्ज तसाच गेला असता तर मालकाने नुसतं हजेरीपत्रक पुढे ठेवलं असतं आणि भटू खोटारडा ठरला असता. वर्षाच्या एका प्रश्नाने तो वाचला. आणि मी काय केलं? अकरा मुलांसमोर तिच्यावर ओरडलो, ‘तयार अर्जात नाक खुपसायला तुला कोणी सांगितलं?’ तिने अर्ज माझ्यापुढे ठेवला. मी घरी कोणी नसताना अर्ज पुन्हा लिहिला. दोन्ही भावांची प्रतिज्ञापत्रं जोडली, मशीनवरच्या चार जणांच्या साक्षी काढल्या. आम्ही जिंकलो. सुकदेवची नोकरीही राहिली. न्यायाधीश भर कोर्टात म्हणाले, ‘बोरसे, अडचणीचं सत्य तुम्ही आपण होऊन मांडलंत, हे मला आवडलं.’ मी वाकून ते घेतलं. पुढच्या रविवारी वर्गात सांगितलं की अनुभवी वकिलाला अशा गोष्टींचा वास येतो. वर्षा दुसऱ्या ओळीत बसून लिहून घेत होती. तिने मान वर केली नाही.

परीक्षा झाल्यावर ती यायची थांबली. मी तिचं काम लांबून बघत आलो आहे. बायामाणसं तिच्याशी बोलताना मान डोलावत नाहीत, भांडतात, मध्येच थांबवून ‘तसं नही’ म्हणतात. माझ्या एकवीस वर्षांत हे मला जमलेलं नाही. मी शिकवलेल्यांत ती सर्वांत चांगली वकील आहे आणि शिकवण्यातही ती माझ्या पुढे जाईल. आता एका प्रोसेस हाउसने तिला ऑफिसात पगारी जागा देऊ केली आहे. एक तारखेला ती वकिली सोडून, सनद जमा करून तिथे जाणार असं ऐकतो. तो प्रश्न वर्षाचा होता, माझा नव्हता. माझ्या पश्चात हे कलम वर्गात मोठ्याने वाचावं.

मृत्युपत्र इथे संपायचं होतं. पण सह्यांसाठी साक्षीदार आले. एक कोर्टातले निवृत्त टंकलेखक भगवान माळी, दुसरा भटू कोळी. साक्षीदाराला मजकूर सांगावा लागत नाही, तसं मी भटूला म्हटलं. तो म्हणाला, ‘आप्पा, वाची दखाडा. मी आते नुसती मान हलावत नही.’ मग वाचलं. कलम चारपाशी त्याने डाव्या हाताने कागद धरला.

‘वर्षाताईले इचारं का तुम्ही?’

मी म्हटलं, मृत्युपत्रात विचारत नसतात, देत असतात.

‘तिले काय पाहिजे ते तुम्हीच ठरायं,’ भटू म्हणाला. भगवानराव चष्मा पुसू लागले. भटूच तिला बोलवायला गेला.

वर्षा आली. ती खुर्चीवर बसली नाही, सतरंजीवर बसली. दोन्ही कलमं तिने स्वतः वाचली. मग म्हणाली, ‘सर, मी नोकरी का धरतेय माहीत आहे? मला वाटायचं, इतक्या मोठ्या माणसाला माझं काम दिसलंच नाही, तर ते नसेलच काही.’

मी म्हटलं, म्हणून तर लिहिलं.

‘मेल्यावर कबूल करणं सोपं आहे, सर. मी समोर नसताना वाचलं जाईल आणि तुम्हीही नसाल. रविवारी सगळ्यांसमोर तोंडाने सांगा. मग खोलीचं बोलू, आणि नोकरीचंही.’

मला तिचा राग आला नाही, अभिमान वाटला, आणि स्वतःची लाज वाटली. म्हणून खालील दुरुस्ती करतो.

६. कलम चारमधील खोली वर्षाचीच राहील, ती नोकरीला गेली तरी. कलम पाच माझ्या पश्चात वाचावं, हे वाक्य रद्द. त्यावर आडवी रेघ मारून मी सही केली आहे. कलम पाचमधली हकीकत मी परवा, रविवार दिनांक १८ ऑगस्ट रोजी सकाळी दहा वाजता, पुढच्या खोलीत सर्व विद्यार्थ्यांसमोर उभा राहून सांगेन. त्या दिवशी फळ्यापाशी वर्षा असेल आणि सांगून झालं की मी दुसऱ्या ओळीत बसेन.

हे मृत्युपत्र मी वाचून, साक्षीदारांना वाचून दाखवून आणि जिला विचारायला हवं होतं तिला विचारून, त्यांच्या समक्ष सही करत आहे.

ठिकाण: लिंबायत, सुरत
दिनांक: १६ ऑगस्ट १९९६, शुक्रवार

(सही) लोटू नथ्थू बोरसे

साक्षीदार:
१. (सही) भगवान त्र्यंबक माळी, निवृत्त टंकलेखक, सुरत
२. (डाव्या हाताची सही) भटू हिरामण कोळी, पांडेसरा. मजकूर ऐकला, समजला. एके ठिकाणी हरकत घेतली, ती मान्य झाली.