सासऱ्यांच्या गाळात काही सापडेना

तीर्थस्वरूप बाबांस,

जावयाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आईंचा खोकला थांबला का? इकडे सगळं छान चाललं आहे. तुमची मुलगीही मजेत आहे, फक्त माझ्याशी कामापुरतं बोलते. त्यामुळे घरात शांतता आहे आणि मला झोप चांगली लागते. (हे तिला कळू देऊ नका.)

सहा महिन्यांपूर्वी जेवताना मी म्हणालो होतो की, तुम्ही तीस वर्षं ज्या कारखान्यात खनिजातून तांबं काढलंत त्याच्या मागच्या तळ्यातल्या टाकाऊ गाळात अजून तांबं आहे आणि ते काढायच्या कामावर मला नेमलं आहे. मला खरं म्हणजे बढतीची बातमी द्यायची होती, पण तुम्हाला ती तुमच्या कामाची झडती वाटली. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, ते आजतागायत आमच्याकडे फिरकला नाहीत. आता त्या बढतीचं पुढे काय झालं ते ऐका. साहेबांनी आम्हाला या महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर तांबं दिसलं नाही तर प्रयोग बंद आणि माझी रवानगी परत भांडारात, नटबोल्टांच्या कपाटांमध्ये.

तुम्ही या कामात हयात घालवलीत, तुम्हाला मी काय सांगायचं? टाकीत गाळाचं पाणी, त्यात औषध, खालून हवा. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर यायचे आणि माती खाली राहायची. पण हा गाळ पडला पिठाहून बारीक. एवढे बारीक कण बुडबुड्यांना टाळून बाजूनं निघून जातात, उसनं पुस्तक नेलेला मित्र रस्त्यात आपल्याला टाळतो तसे. मी म्हटलं, बुडबुडेच वाढवू, आणि फेसाचं औषध दुप्पट केलं. (कुणाला विचारलं नाही. विचारायला तुम्ही नव्हता.) फेस काठावरून उतरला, तो फुटेचना. पाणी मारलं तर आणखी फुगला. जिन्यावरून खाली येऊन तो साहेबांच्या खोलीत शिरला, तेव्हा साहेब फोनवर वरिष्ठांना सांगत होते की प्रयोग पूर्ण आटोक्यात आहे. मी दारातून पाहिलं तर साहेब छातीपासून वर तेवढे दिसत होते. त्यांनी फोन ठेवला नाही आणि आवाजही बदलू दिला नाही. माणूस मोठा आहे. फेस मात्र निव्वळ मातीचा निघाला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तो तपासून सांगितलं की याहून जास्त तांबं त्यांच्या कुंडीत निघेल.

मग मी औषध बदललं, गाळ आधी धुऊन घेतला, टाकी बदलली. प्रत्येक वेळी बाई नुसती मान हलवायच्या. शेवटी गेल्या आठवड्यात खणताना औषधाची एक जुनी फाटकी गोणी वर आली. तिच्यावरचं वर्ष वाचलं आणि मी तिथेच चिखलात बसलो. आम्ही खणत होतो तो सगळा भाग तुमच्या कारकिर्दीतला होता. (ज्यात तांबं दिसलं होतं तो सुरुवातीचा नमुना कुणी कुठून आणला होता, हे आता कुणालाच आठवत नाही.) बाबा, तुम्ही घासूनपुसून ठेवलेलं भांडं मी अडीच महिने पुन्हा घासत होतो. माझं चुकलं. तुमच्या हातून काही सुटलेलं नाही आणि हे मी साहेबांसमोर, सगळ्यांच्या देखत सांगितलं आहे. आईंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (उशिरा का होईना),
जावई

ता. क. : तुमच्या आधी जे गृहस्थ होते, ज्यांना तुम्ही कुंभकर्ण म्हणत असा, ते आपला गाळ तळ्याच्या कोणत्या बाजूला सोडत असत? (त्यात तांबं नक्की राहिलं असणार.) नकाशा हरवला आहे आणि तुमच्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही. मुदतीचे नऊ दिवस उरले आहेत. कागदावर खुणा करून भागणार नाही, तुम्हीच यायला हवं. ड्रायव्हरबरोबर हे पत्र आणि गाडी पाठवतो आहे.

ता. क. दुसरा : वर लिहिलं ते अगदी पूर्ण खरं नाही. तुमच्या गाळात वीतभर जाडीचा एक थर तांब्यानं गच्च भरलेला निघाला. बाईंनी दोनदा तपासला. त्यातही एक गोणी होती, तिच्यावर महिनाही छापलेला होता. तो आमच्या लग्नाचा महिना. तीस वर्षांत तेवढंच काय ते तुमचं कामावरचं लक्ष उडालं होतं. आत्ताच हे तुमच्या मुलीला वाचून दाखवलं. ती आत गेली, बऱ्याच वेळानं तोंड धुऊन, पिशवी भरून बाहेर आली आणि पत्र मीच नेते म्हणाली. तेव्हा हे वाचून मान वर केलीत तर समोर तीच उभी असेल. मला नाही म्हणणं सोपं होतं. आता तिला म्हणून दाखवा.