पाच देशांचा एक आकडा

प्रिय ठकू,

तुझं पत्र पोचलं. घराला रंग झाला, जावईबापू दिवसभर बांधावर असतात, येत्या पंधरा तारखेला कालव्याचं पाणी पहिल्यांदा तुमच्या शेतात येणार, हे सगळं दोनदा वाचलं. सकाळी अंगणात पांढरी पूड दिसते आणि जोत्याचा नवा रंग पापुद्र्यांनी निघतोय, असं तू सहज लिहिलंस. त्या ओळींवरून माझी नजर हलेना.

मी बरी आहे. बाबांना जाऊन उद्या चार महिने होतील. त्यांचं टेबल परवा आवरलं. जन्मभर मातीतलं मीठ मोजलं, पण भाजी अळणी झाली तर यांना पत्ता नसायचा. बाबा, तुमच्या जिभेला मीटर लावा, असं तू चिडवायचीस. तेव्हा ते तुझ्याकडे बघून हसायचे आणि ताटातलं संपवायचे.

टेबलात त्यांची निळी वही निघाली. क्षारपड जमिनी सुधारायचं काम पाच देशांनी मिळून घेतलं, तेव्हा दरवर्षी एकाच मातीचे पाच डबे पाच प्रयोगशाळांत जायचे. सगळ्यांचे आकडे जुळले म्हणजे मोजमाप बरोबर. पहिल्या वर्षी बैठकीत आकडे वाचले गेले, तर बाबांचा सगळ्यांपेक्षा बराच जास्त. त्यांचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो, चार देश चुकले आणि तुम्ही एकटे बरोबर का?" बाबांनी परत चाचणी केली, मीटर बदलला, आकडा तोच. पुढच्या वर्षापासून वहीत दोन रकाने आहेत. एकात आलेला आकडा, दुसऱ्यात पाठवलेला. दुसरा नेहमी कमी.

मागच्या आठवड्यात शेजारच्या देशाच्या प्रयोगशाळेतले उंच काका भेटायला आले. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. बराच वेळ ते पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, त्या वर्षी माझा मीटर बिघडला होता. बैठकीत पहिला आकडा मी वाचला. बाकीच्या तिघांनी तो ऐकून आपापले तिथल्या तिथे खाली आणले. मला चूक पुढे कळली, पण तोवर सगळं जुळलं होतं. मग मीही गप्प." त्या तिघांशी ते आता बोललेत. सगळेच इतकी वर्षं आपल्या खऱ्या आकड्यातून वजा करत होते. तशाच कमी केलेल्या आकड्यांवर ठरलं की तुमच्या वसाहतीत निचऱ्याचे चर नकोत, थेट पाणी सोडा.

आता जे लिहायचं ते लिहिते. वहीचं शेवटचं पान तुझ्या शेताचं आहे. बाबा तुझं घर बघायला आले, तेव्हा त्यांनी तिथली पिशवीभर माती आणली होती. त्या पानावर दुसरा रकाना कोरा आहे. ती माती तपासली त्या संध्याकाळी ते चपलाही न काढता आत आले. म्हणाले, "चर न खणता पाणी सोडलं तर दोन वर्षांत खालचं सगळं मीठ वर येईल. ठकूला फोन करतो." मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आत्ता कुठे तिचं बस्तान बसतंय. आधी खात्री करा. तुमचा आकडा नेहमीच जास्त येतो." त्यांनी फोन खाली ठेवला. तो विषय पुन्हा काढला नाही. अकराव्या दिवशी ते गेले.

आता फोन मीही केला असता, पण तुझ्या हातात सहीचा कागद हवा. प्रयोगशाळेचे ड्रायव्हर उद्या तिकडे निघतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि मूळ वही देते आहे. काकांनी शेवटच्या पानावर सही केली आहे. पंधरा तारखेच्या आत कालव्याच्या कचेरीत जा. आधी चर खणा, मगच दार उघडा, म्हणावं. तुमच्या चाळीस घरांना हे पत्र वाचून दाखव. लोक बाबांना नावं ठेवतील, ठेवू देत. फक्त मी त्यांना काय म्हणाले, तेही वाच. ते वगळू नकोस.

तुझीच,
आई