पाखऱ्याच्या जोडीला फटफटी

मु. नांदे, ता. मुळशी
भादवी पोळा होऊन तिसरा दिवस, सन १९५८

तीर्थस्वरूप पिराजीदाजी यांच्या पायी धाकटा मेहुणा हैबती याचा दंडवत पोचावा. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. तुमचा खोकला कसा आहे? आक्काचा गुडघा या पावसानं धरला असेल, तिला म्हणावं निरगुडीच्या पाल्यानं शेक. (पाला मीच पाठवला असता, पण हल्ली नांद्याहून खडकीकडे जाणारं वाहन दुसऱ्याचं आहे.) भात बरं आहे. म्हैस व्याली, पारडी झाली. सारजा तुम्हा दोघांना नमस्कार सांगते आणि मला सांगते की पत्रात रडगाणं लावू नका. मी रडत नाही. जे झालं ते सांगतोय, आणि राग मानू नका दाजी, पण त्याचं मूळ तुमच्यात आहे.

कोंडाजीला लष्करानं लिलावात काढलेली फटफटी कुणी मिळवून दिली? तुम्ही. पुण्याला दूध घालायला वाहन पाहिजे म्हणून तो तुमच्या दारी आला, आक्कानं त्याला चहा पाजला आणि तुम्ही त्याला कारखान्यातल्या ओळखीनं चांगलीशी फटफटी निवडून दिलीत. दाजी कुणाचे? माझे. मग माझा विचार एकदा तरी मनात यावा की नाही? (मला फटफटी नको होती. पण विचारायला काय जात होतं?) तुम्ही शहरात राहता, तुम्हाला सावड म्हणजे काय ते विसरायला झालं असेल. त्याचा एक बैल, माझा एक बैल, मिळून एक जोडी, अशी आमच्या बापांनी घातलेली सावड आहे. त्याचा हौशा आणि माझा पाखऱ्या एका जुवाखाली वाढले. नांगर एक, गाडी एक. पौडाच्या बाजाराला आम्ही दोघं एका गाडीत शेजारी बसून, एका चंचीतलं पान खात, जाता-येता साऱ्या तालुक्याची उणीदुणी काढत जायचो. आणि या गड्यानं एक दिवस हौशाला मारुंजीच्या गेणबाच्या दावणीला नेऊन बांधलं आणि त्या जागी ते लोखंड आणून उभं केलं. सावडीत आता एकटा पाखऱ्या उरला, आणि एका बैलाची कसली आली गाडी? मी बाजाराला पायी जायला लागलो.

बरं, नुसती फटफटी असती तरी मी गिळलं असतं. पण तिच्याबरोबर जो साज आला, त्यानं माझी झोप गेली. अंगात चामडी कोट, भर भादव्यात, घाम निथळतोय पण गडी बटण सोडत नाही. हातात कोपरापर्यंत मोजे. (धार काढताना काढतो, एवढी म्हशीवर मेहेरबानी.) डोक्यात लढाईतला लोखंडी टोप, त्याला आतून कातड्याची गादी. म्हणतो, पडलो तर डोकं वाचलं पाहिजे. आत वाचवण्याजोगं काय आहे, हे मी त्याला विचारणार होतो, पण आमचं बोलणं बंद होतं. पायाला इजा होऊ नये म्हणून फटफटीला पुढं दोन्ही बाजूंना लोखंडी कडं. बसायच्या सीटखाली दोन जाड स्प्रिंगा, त्यामुळं आमच्या रस्त्याच्या खड्ड्यातूनसुद्धा तो पाळण्यात घातल्यासारखा झुलत जातो. आणि डोळ्यांवर गॉगल! पहिल्या दिवशी तो गॉगल लावून आला तेव्हा पाणवठ्यावरच्या बायका घागरी तशाच ठेवून बघत राहिल्या. आमची सारजासुद्धा म्हणाली, "भावजी अक्षी इमानवाल्यावानी दिसत्यात." दाजी, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कशावानी दिसतो हे या बाईनं आजवर एकदाही सांगितलेलं नाही.

पण या सगळ्या साजात मला सगळ्यात डाचला तो आरसा. हँडलाला एक वाटोळा आरसा आहे, त्यात म्हणे मागचं दिसतं. मागं कोण असतं? मी असतो. डोक्यावर बाजाराचं गाठोडं घेऊन, चिखल तुडवत. तो भुर्रकन पुढं जातो आणि त्याच्या आरशात मी लहान लहान होत जातो, आणि हे त्याला बसल्या जागी, मान न वळवता दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यानं तुला विचारलं नाही का? विचारलं. फटफटी आणली त्याच दिवशी तो माझ्या दारात आला आणि समोरच्या चावडीवरच्या सगळ्यांच्या देखत म्हणाला, "चल हैबती, बस म्हागं." मागं! मी ठणकावून सांगितलं की आमच्या घराण्यात कुणी कुणाच्या मागं बसलेलं न्हाई. तो फटफटी तशीच फुरफुरत ठेवून जरा वेळ थांबला, काहीतरी बोलायला गेला, मी तोंड फिरवलं, मग तो गेला. मला वाटलं, पुढच्या बाजाराला परत विचारील. पुढच्या बाजाराला त्याच्या मागं जयसिंग! हा जयसिंग म्हणजे कोंडाजीच्या बायकोचा भाऊ, पलटणीतून सुट्टीवर आलेला. मेहुण्यांची जातच अशी, की जरा जागा दिसली की बसले. (तुम्हालाही एक मेहुणा आहे म्हणा, पण तो वेगळा.) मागं नुसतं दुधाच्या किटल्या बांधायचं लोखंडी कॅरिअर, त्यावर घोंगडीची घडी टाकून हा सरदार बसणार, कोंडाजीच्या कमरेला विळखा घालणार, आणि तोंडात पान. कुठल्या चंचीतलं? ज्या चंचीत माझी बोटं गेली इतकी वर्षं, तीच. खरं सांगतो दाजी, फटफटीचं मरू द्या हो, पण चंची?

म्हणून मी तुम्हाला ते मागचं पत्र टाकलं, की कोंडाजीकडं जे जे आहे ते मलाही पाठवा. तुम्ही भले माणूस, फटफटी कुठाय असं न विचारता पार्सल पाठवलंत. टोप, मोजे, गॉगल आणि वर हँडलाला बसवायच्या दोन रबरी मुठी. टोप घालून मी शेताच्या बांधावर बसून बघितलं, लई रुबाब वाटला, फक्त ऐकू येईना. राहिल्या मुठी. हँडल नाही तर मुठी बसवायच्या कशाला? दोन दिवस मी त्या उशाशी घेऊन विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पाखऱ्याकडे बघताना डोक्यात उजेड पडला. पोळ्याला शिंगांना पितळी शेंब्या सारा गाव घालतो, रबरी कुणी घातल्यात? साबण लावून बसवल्या, अगदी मापाच्या निघाल्या. पाखऱ्यानं मान हलवून नापसंती दाखवली, पण त्याला त्यातलं काय कळतं.

आता पोळ्याचं ऐका. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी जायची ती आमच्या सावडीची, हा मान आमच्या बापांपासूनचा. पण मान जोडीला असतो, एकट्या बैलाला नसतो. हौशा गेला, म्हणजे यंदा मान बहिरूच्या जोडीला जाणार, अशी कुजबुज गावात आधीच सुरू होती, आणि बहिरूनं तर बैलांच्या पाठीवर स्वतःचं नावही रंगवलं होतं. मला भाताची एवढी काळजी नव्हती जेवढी या मानाची. बापानं सोपवलेली एकच गोष्ट, आणि तीही कोंडाजीच्या दुधापायी जायची! तरी मी ठरवलं, गेला मान तर गेला, पण लोकांनी डोळे भरून बघितलं पाहिजे. टोप घातला, मोजे चढवले, गॉगल लावला आणि पाखऱ्याच्या मागून, कासरा धरून, वेशीत जाऊन उभा राहिलो. समोरून कुणीतरी "कोण हाय ह्यो?" म्हणालं, ते मी कौतुक समजलो.

तेवढ्यात फटफट फटफट. कोंडाजी आला. फटफटीवर हौशाची झूल, हँडलाला गोंडे, दिव्यावर बाशिंग, आरशाला झेंडूची माळ! त्यानं ती सरळ आणून पाखऱ्याच्या डाव्या अंगाला, हौशाच्या जागेवर उभी केली आणि म्हणाला, "सावडीतली माजी बाजू आली. जोडी पुरी झाली. वाजवा रं!" बहिरू भांडायला उठला. म्हातारे खाली बसून विचार करू लागले. शेवटी त्यांनी निवाडा दिला, की जोडीदारानं आपली बाजू वेळेवर आणली, त्याला हौशाची झूल आहे, तेव्हा ती हौशाच्या ठिकाणी धरावी. मग आमच्या सारजानं ओवाळायला घेतलं. बैलांचे पाय धुवायची रीत, म्हणून तिनं पाखऱ्याच्या पायांवर पाणी घातलं आणि जोडीदाराला कमी नको म्हणून उरलेला तांब्या फटफटीच्या तापलेल्या धुराड्यावर ओतला.

चुर्र करून असा काही वाफेचा लोट उठला, की वाजंत्रीवाले पळाले. मी मनात म्हटलं, आता पाखऱ्या बुजणार, आणि फटफटीची अब्रू जाणार. पाखऱ्या हलला नाही. आवाज कसला झाला म्हणून त्यानं शांतपणे मान मागं वळवली, आणि मागं काय, तर डोक्याला भांडं, डोळ्यांना काचा आणि कोपरापर्यंत काळे हात असलेला मी. दाजी, लहानाचा मोठा केलेला बैल हो! असा हंबरला आणि असा उधळला, की कासऱ्याबरोबर मीही गेलो. गॉगलच्या काचा वाफेनं आंधळ्या झालेल्या, कुठं जातोय ते कळेना, ते गटारात पडल्यावर कळलं. टोपामुळं डोकं वाचलं. बाकीचं सगळं आपटलं.

आणि पाखऱ्या कुठं गेला? वळसा घालून परत वेशीत आला, फटफटीला अंग लावून उभा राहिला आणि तिच्यावरची झूल चाटायला लागला. त्या झुलीला हौशाचा वास होता. मला ओळखलं नाही, झुलीला ओळखलं. सगळं गाव हसत होतं, जयसिंग तर पोट धरून. मी गटारात बसून ते बघत होतो आणि सांगायला लाज वाटते, मला त्या फटफटीचा नव्हे, त्या बैलाचा हेवा वाटला. त्याला बरं नुसतं जाऊन शेजारी उभं राहता येतं!

कोंडाजी मात्र हसला नाही. तो गटारात उतरला, माझा गॉगल काढला आणि म्हणाला, "हैबती, लागलं का रं? आरं, हौशाला म्या इकला न्हाई. गेणबाकडं निस्ता संबाळाया ठिवलाय, नांगरटीला परत येतुया. त्येच सांगाया आलतो तुज्या दारात, तर तू त्वांड फिरिवलंस." मग मी उजवीकडून पाखऱ्याचा कासरा धरला, त्यानं डावीकडून फटफटी चालत ढकलली, आणि जोडी तोरणाखालून गेली. मान राहिला. पण सुख कसलं? पुरणाची पोळी बायकांनी आधी फटफटीच्या दिव्याला लावली, मग पाखऱ्याला. शिंगांच्या मुठी दोन्ही निसटल्या होत्या, एक गटारात गेली, आणि दुसरी कोंडाजीनं उचलून "माज्या ह्यांडलाची झिजलीच हुती" म्हणत खिशात घातली.

तेव्हा दाजी, तुम्हाला स्पष्ट कळवतो की फटफटी ही वस्तू माणसाला माणसापासून तोडणारी आहे. मला तिचं आणि तिच्या साजाचं नाव नको. टोप, मोजे आणि गॉगल, येणारा-जाणारा मिळाला की परत पाठवतो. आक्काला नमस्कार, पोरांना गोड पापे.

तुमचा
हैबती

ता. क. टोप, मोजे आणि गॉगल तूर्त पाठवत नाही. लागणार आहेत.

ता. क. दुसरा. जयसिंगची सुट्टी संपली, काल गेला. (देव त्याला लांबच्या ठाण्यावर बढती देवो.) तर एक करा. फटफटीच्या मागच्या कॅरिअरवर बसवायची एक सीट बघा. गादी जाड, खाली स्प्रिंगा पुढच्या सीटपेक्षा निदान एक जास्त. धरायला कडी असावी, कारण कमरेला विळखा घालणाऱ्यांतले आम्ही नव्हे. पाय ठेवायला दोन्ही अंगांना दांडे. सोबत सुतळी पाठवली आहे, ते माझ्या बसण्याचं माप. जयसिंग अंगानं बारीक आहे, पुढच्या सुट्टीत तो त्या सीटवर बसला तर एका कुशीला घसरला पाहिजे, अशी काही करता आली तर कारागिराला विचारा. घराण्याचं म्हणाल तर, कुणाच्या मागं बसणं वेगळं आणि सावडीत आपल्या बाजूला बसणं वेगळं. सीट कुणी मागवली ते कोंडाजीला कळू देऊ नका.

ता. क. तिसरा. अक्षर वाकडं आलं आहे, कारण हे पौडाच्या पोस्टात उभ्यानं लिहितोय. बसवत नाही. नांद्यापासून इथवर त्या लोखंडी कॅरिअरनं माझं जे केलं ते आक्काला वाचून दाखवू नये. बाहेर कोंडाजी सारखा भोंगा वाजवतोय, चंची त्याच्याकडं आहे. आरशात मी आता लहान होत नाही, सगळी वाट होतो तेवढाच दिसलो. सीट लवकर पाठवा.