‘करूळ घाटाचा सूड’ची पेटी कुणाला द्यायची

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मी, मल्लव्वा प्रभुलिंग शेटे, वय एकाहत्तर, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे, तर माझ्या मर्जीने करून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा वीरेश याने तो सावकाश वाचावा. गुडघे सोडले तर प्रकृती उत्तम आहे आणि आयुष्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, खालच्या गुळाच्या दुकानासह, वीरेश आणि सून प्रेरणा यांना समाईक द्यावे. उताऱ्यावर दोघांची नावे एकदम लागावीत. माझे नाव लागायला यजमान जावे लागले, तसे प्रेरणाचे होऊ नये. बँकेतली ठेव वीरेशला, बोरमाळ आणि पाटल्या प्रेरणाला. माझ्या नणंदेने पाटल्यांवर हक्क सांगितल्यास तिला माझा नमस्कार सांगावा, पाटल्या देऊ नयेत.

२. माझ्या खोलीतला टीव्हीही प्रेरणाचा. त्यावर मी हल्ली बातम्याच बघते. चौकटीत चार माणसे एकदम ओरडायला लागली की मी आवाज बंद करते आणि तोंडे बघत बसते. पुढारी खरे बोलतो की खोटे, हे आवाज बंद केल्यावर बरेच कळते. मी गेल्यावर चौकात माझा फ्लेक्स लावू नये. कार्यकर्ते ऐकणार नाहीत, हे मला माहीत आहे. निदान त्यावर पुढाऱ्याचा फोटो माझ्यापेक्षा मोठा नसावा.

३. आता ज्यासाठी हा कागद करायला घेतला ते. कपाटामागे पत्र्याची पेटी आहे. तिच्यात ‘करूळ घाटाचा सूड’ या पिक्चरची रिळे आहेत. १९८३ साली गुळाचा धंदा बरा चालला असताना यजमानांनी हा पिक्चर काढला. का काढला, हे मी शेवटपर्यंत विचारले आणि त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. पिक्चर सपाटून पडला. ही त्याची उरलेली एकुलती प्रत आहे.

शूटिंग गगनबावड्याला, ऐन आषाढात. हिरोची आई होणारी मुंबईची बाई पावसाला कंटाळून एसटीने परत गेली. मी सगळ्यांचे डबे घेऊन गेले होते. मला लुगडे बदलायला लावून तिच्या जागी खांबाला बांधले. हिरो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. खलनायक होते यजमानांचे तालमीतले दोस्त, गणपतराव वडणगेकर. त्यांनी माझ्यावर बंदूक रोखून म्हणायचे होते, “म्हातारे, मरणाला तयार हो!” पण सकाळी जिच्या हातचे धपाटे खाल्ले, त्या दोस्ताच्या बायकोला असे बोलायला त्यांची जीभ वळेना. आणि ते बोलून गेले, “वैनी, आदी च्या घ्या की. मग मारतो.”

फिल्म संपत आली होती, पुन्हा घेता आले नाही. डबिंगला सुधारू म्हणाले, तर ओठ जुळेनात. तेच राहिले.

पुढे वीरेशने केबलचा धंदा सुरू केला. रविवारी दुपारी लावायला काही नसायचे, म्हणून तो याच पिक्चरची कॅसेट लावू लागला. पोरांना संवाद पाठ झाले. मग दरवर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी एका टॉकीजला पेटीतल्या रिळांवरून खेळ लागू लागला. लोक घरून बशी घेऊन येतात. तो प्रसंग आला की अख्खे थेटर एकदम बशीतून चहा फुरकते. चांगल्या पिक्चरला लोक टाळ्या वाजवून घरी जातात. या वाईट पिक्चरला ते सोयऱ्याच्या घरी यावे तसे येतात. यजमानांना हे बघायला मिळाले, याचे मला समाधान आहे.

२००५ साली गणपतराव महापालिकेला उभे राहिले. विरोधकांनी दुसऱ्या एका केबलच्या बातम्यांत त्यांचे बंदूक रोखलेले दृश्य दिवसभर फिरवले, खाली लिहिले, ‘हाच का तुमचा नगरसेवक?’ वीरेशने ते कुणाला दिले नव्हते, त्यांनी पडद्यावरून उतरवून घेतले. गणपतराव थोडक्यात पडले. लांबलेल्या भाषणांमुळे पडले, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण त्यांनी निरोप धाडला, “ती पेटी जाळा,” आणि आमच्याकडे यायचे बंद केले. रस्त्यात दिसले तर पलीकडे जातात. मला याचे फार वाईट वाटते. यजमान गेल्यावर मला वैनी म्हणून हाक मारणारे ते एकटेच उरले होते.

वीरेशला ही पेटी एका वाहिनीला विकायची आहे. आमचे वकील प्रसेनजीत कांबळे स्वतः दरवर्षी बशी घेऊन जातात, त्यांना ती जपायची आहे. मी दोघांचेही ऐकलेले नाही. पेटी मी गणपतराव वडणगेकर यांना देत आहे. त्यांनी ती जाळावी अगर ठेवावी. पिक्चर गेला तर मला वाईट वाटेल, पण त्याच्यामुळे ते माझ्या उंबऱ्याबाहेर राहिले तर जास्त वाटेल.

४. कलम ३ मध्ये दुरुस्ती. वरचे लिहून झाल्यावर वकिलांनी गणपतरावांना बोलावून घेतले. ते आले. चष्मा लावून त्यांनी कलम दोनदा वाचले आणि म्हणाले, “वैनी, तुमास्नी वाटलं मला पिक्चरची लाज वाटती?”

“मग जाळा का म्हणालात?”

“त्येनी फकस्त ‘मारतो’ एवढंच दावलं की! वैनी म्हटलेलं कापलं, च्या कापला. गावाला वाटलं, ह्यो बाईमाणसाशी असा बोलतोय. तालमीतला माणूस म्या. कुठल्या तोंडानं तुमच्या दारात येऊ?”

म्हणजे चार वर्षे मी समजत होते की ते आमच्यावर रागावले आहेत, आणि ते माझ्यासमोर यायला लाजत होते. मी रडले. हे लिहू नका, असे वकील म्हणाले, पण मृत्युपत्र माझे आहे.

मग वकिलांनी नवीच अडचण काढली. साक्षीदार म्हणून सहीला गणपतरावच हवेत, असे मी म्हणाले, तर वकील गणपतरावांना म्हणाले, “साहेब, पेटी तुमच्या नावे होणार असेल तर तुम्ही साक्षीदार न झालेलं बरं. उद्या कुणी शंका काढेल.”

गणपतरावांनी पेटीकडे एकदा बघितले. “मग पेटी सुनंला द्या. म्या सही करतो. पर एक लिवा. कुठंबी दावा, कापून दावायचा न्हाई.”

म्हणून लिहिते : पेटी आणि पिक्चरचे सर्व हक्क सून प्रेरणा हिला. कुणालाही तुकडा देऊ नये. कोणत्या वाहिनीला बातमीसाठी हवा असेल तर तिने सगळा पिक्चर दाखवावा, गाण्यांसकट.

हे मृत्युपत्र मी वाचले, वाचून घेतले, आणि एकंदरीत मला आवडले. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

मल्लव्वा प्रभुलिंग शेटे
कोल्हापूर, दि. १० डिसेंबर २००९

साक्षीदार :

१) शालूबाई मगदूम, वय ६४, शेजारी. नाते : नाही.

२) गणपतराव वडणगेकर, वय ७०, सामाजिक कार्यकर्ते. नाते : ~~नाही~~ दीर.

(वकिलांनी लिहिलेले ‘नाही’ साक्षीदार क्र. २ यांनी स्वतः खोडले आहे. खाडाखोड मला मान्य. म. प्र. शेटे)