तांदळाच्या डब्यातलं पाकीट

ऋता,

तुझ्या गोळ्यांचं पाकीट हरवलं नव्हतं. मूल राहू नये म्हणून नको त्या गोळ्या खातेस असं वाटून मीच ते तांदळाच्या डब्यात लपवलं. काल तेच घेऊन राजारामपुरीत तुझ्या डॉक्टरीणबाईंशी भांडायला गेले.

त्या म्हणाल्या, दीड वर्ष झालं, तुझी पाळीच आलेली नाही. शर्यतींसाठी एवढं पळायचं आणि पोटाला काही नाही, त्यानं अंगातलं इस्ट्रोजेन कमी झालंय. विसाव्या वर्षी हाडं म्हातारीसारखी झालीत. नडगीला चीर पडली ती त्यामुळंच. गोळ्या तेच भरून काढायला, हाडांसाठी होत्या आणि मी त्या नऊ दिवस अडवल्या.

मग दर महिन्याला तू बाजूला बसायचीस ते कशासाठी, हे मला काल कळलं. मी लांबून ताट सरकवायची. त्यातलं किती खाल्लंस, कोण बघणार होतं?

पाकीट टेबलावर ठेवलंय. आजपासून परत सुरू कर म्हणाल्यात. पोहे सगळे संपव. जिना उतरू नकोस, उतरलीस तर कठडा धर. बाबांना अजून काही बोलले नाही.

माझी शाळा सुटली की दोनला येते, एकत्र जेवू. यापुढं खरी पाळी आली तरी तुझं ताट माझ्या शेजारीच.

आई