न दिलेला राजीनामा

ती. जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

तुमचा मुरगळलेला पाय आता जमिनीला टेकतो आहे असं भाऊजींकडून कळलं, बरं वाटलं. (पाय धरून बसल्यापासून तुमची जीभ दुप्पट चालते, असंही ते म्हणाले. मी सांगितलं म्हणून सांगू नका.) आमच्याकडे ह्यांचा खोकला सोडला तर सगळं ठीक. मीही ठीक, म्हणजे उभी आहे. पुढाऱ्यांच्या सह्यांची जुनी पत्रं जमवायच्या माझ्या नादाला तुम्ही लग्नानंतर पहिल्याच वर्षी ‘रद्दी’ म्हणालात, तेव्हापासून तुमच्यापुढे मी तो विषय काढत नाही. आज काढते, कारण रविवारपासून जिवाला चैन नाही.

मोठ्या माणसाकडून त्याच्या हातचं पत्र मिळवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. स्तुती केली की चिटणीस छापील आभार पाठवून मोकळा होतो. म्हणून मी एक युक्ती काढली होती. आपल्या पत्रात त्यांच्याविषयी एक ढळढळीत चूक करायची! स्वतःबद्दलची चूक कुठल्याच पुढाऱ्याला सहन होत नाही, तो चिटणिसाला बाजूला सारून स्वतः पेन उचलतो. एका माजी अर्थमंत्र्यांना मी लिहिलं, आपण गणितात नापास होऊनही एवढे वर आलात याचं कौतुक वाटतं. भराभरा तीन पानं आली, खाली झोकदार सही. (सोबत शाळेची गुणपत्रिका. गणित बरं होतं, भाषेत मात्र गाडी अडकली होती.)

तर तीच युक्ती मी खुर्चीसाहेबांवर केली. तेच हो, माजी पंतप्रधान. खुर्चीवरून आपणहून कधी उठलेच नाहीत म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. त्यांच्या सहीचा एक राजीनामा मला जुन्या फायलींच्या लिलावात मिळाला होता. लिहिलेला, सही केलेला, पण कुणालाच न दिलेला. माझ्या संग्रहाचा जीवच म्हणा. त्याच्याच जोरावर शहराच्या ग्रंथालयाने मला संग्रह मांडायला काचेचं एक कपाट देऊ केलं होतं, वर पितळी पाटीवर माझं नाव. मी साहेबांना लिहिलं, आपण राजीनामा दिलात तो दिवस मला आठवतो, ते पत्र माझ्यापाशी आहे. वाटलं, चिडून चार पानं लिहितील. आल्या दोन ओळी. असं पत्र मी आयुष्यात लिहिलेलं नाही, रविवारी सकाळी बघायला येतो, वकील बरोबर असतील.

जाऊबाई, मी लगेच भिंग काढलं. तुम्हाला माहीत आहे, बँकेत चेकवरच्या सह्या ताडून बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. भल्याभल्यांचे चेक मी परत पाठवलेत. (तुमच्या धाकट्या भावाचासुद्धा. त्याचा राग सोडा आता.) राजीनाम्यावरची सही मी त्यांच्या इतर पत्रांशी भिंग लावून ताडली होती, तंतोतंत जुळली होती. आता आलेल्या चिठ्ठीवरची सही ताडायला बसले, तर ती माझ्याकडच्या एकाही सहीशी जुळेना! म्हणजे एक खोटी की सगळ्याच खोट्या? सह्या तपासणाऱ्या बाईच्या घरात खोट्या सह्यांचा ढीग सापडला, तर कपाट राहू द्या, नोकरीसुद्धा जाईल. हे धीर द्यायला पुढे आले आणि तुरुंगात घरचा डबा चालतो का, याची चौकशी करू लागले.

रविवारी दोघं जिना चढून आले. साहेब वाळलेले, जाड चष्म्याचे, कोटाची बटणं खालीवर लावलेली. वकील तरतरीत. (सोफ्याची जी स्प्रिंग टोचते, तिच्यावर मी मुद्दाम त्यांना बसवलं.) मी भिंतीवरून राजीनाम्याची चौकट काढून साहेबांच्या हातात दिली. ते वाचत राहिले. एवढासा मजकूर, पण संपेचना. मग म्हणाले, “सही माझी नाही.” वकिलांनी बॅग उघडली. हे स्वयंपाकघरात पळाले.

मग साहेब म्हणाले, “तिची आहे.” तिची म्हणजे त्यांच्या बायकोची. सह्या करायचा त्यांना मुलखाचा कंटाळा, म्हणून सगळ्या कारकिर्दीत पत्रांवर त्यांची सही तीच ठोकत असे. म्हणजे माझा निम्मा संग्रह त्या माउलीच्या हातचा! पण हा राजीनामा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. तिने स्वतः लिहिला, सही केली आणि त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. ‘माझी जागा आता घरी आहे’ असं त्यात आहे. साहेबांनी गठ्ठा न वाचता पुढे ढकलला असणार, तो फायलीत गेला. पुढे निवडणूक हरून ते घरी गेले, तोवर घरी कुणी उरलं नव्हतं. हे सगळं ते वकिलाला नाही, मला नाही, त्या काचेला सांगत होते.

शेवटी अगदी हळू विचारलं, “हे मला द्याल का?” मी म्हटलं, घेऊन जा. ते चौकट छातीशी धरून जिना उतरले, वकिलालाही हात लावू दिला नाही. हे हातरुमाल विसरून पडद्याला नाक पुसत होते. मीही रडले. ग्रंथालयाला कपाट नको म्हणून कळवलं. मन कसं हलकं झालं आहे.

मोठ्यांना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. मन हलकंबिलकं काही झालेलं नाही. सोबतच्या पाकिटात दोन पुठ्ठ्यांमध्ये अस्सल राजीनामा आहे. उजेडाने शाई उडते म्हणून आम्ही जमवणारे लोक भिंतीवर रंगीत झेरॉक्स लावतो आणि अस्सल कपाटात ठेवतो. साहेब नेमकी भिंतीवरची चौकट घेऊन गेले. सांगायला मी तोंड उघडलं होतं हो, पण तोंडातून निघालं, “चहा घेणार का?” आता हा कागद कुणाला दाखवता येणार नाही हे कळतं, तरी सोडवत नाही. तुमच्या कपाटात दडवून ठेवा, असं सांगायला पत्र लिहायला घेतलं होतं.

आणखी एक ता. क. पत्र बंद करत होते तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आभार मानायला. म्हणाले, ती पेन दाबून लिहायची, तिचं अक्षर बोटाला लागायचं. रोज सकाळी काच काढून सहीवर बोट फिरवतो, पण काही लागत नाही. वयाने माझी बोटं बधिर झाली असतील.

तर जाऊबाई, दडवू नका. साहेबांचा पत्ता पुठ्ठ्यावर लिहिला आहे, आजच्या आज रजिस्टर करून टाका. त्यांच्या पत्त्यावर टाकायला मी स्वतः पोस्टाच्या खिडकीपर्यंत जाऊन आले, पण हातातून पाकीट सुटेना. कागदाच्या बाबतीत घरात तुमच्याइतकं निर्दय कुणी नाही, म्हणून तुमच्याकडे पाठवते. उद्या मी फोन करीन, रडेन, गळ घालीन, परत मागेन. फोन उचलू नका.