चार बोटं जास्तीचं कापड

आई, तुझी ती बोडकी गाडी आज माझ्या शेडमध्ये उभी आहे. अजून तशीच लांबलचक. बॉनेट संपता संपत नाही, मागे दोन उभे पंख, त्यांच्या टोकाला लाल दिवे, क्रोमचे बंपर बघावे तर आपलाच चेहरा दिसतो. पुढची सीट अख्खी एकसंध, बाकासारखी, तिघं ऐसपैस बसतील. सगळं ठणठणीत आहे, फक्त छप्पर लागत नाही. बटण दाबलं की पंप गुरगुरतो, मागची घडी उलगडत डोक्यावरून पुढे येते आणि समोरच्या काचेच्या चौकटीपाशी अडते. इतक्या उन्हाळ्यांत कापड आटलंय, हुक कडीपर्यंत पोचतच नाही. मालक तेच, शारजाचे अरब बाबा, आता काठी टेकत चालतात. म्हणाले, हे छप्पर लावून दाखव, मग माझ्या सगळ्या जुन्या गाड्या तुझ्याकडे. नाहीतर दुबईवाले आहेतच. आणि माझं इथे काय पणाला लागलंय ते तुला माहीत नाही. ऑफिस सोडून मी गाड्यांच्या सीट आणि छपरं शिवायचं दुकान टाकलंय, इंडस्ट्रियल एरियात. उन्हाळा संपेपर्यंत धड काम मिळालं नाही तर खलास, परत एसीत बसून एक्सेल भरायचं. तुझे जावई नुसते 'बघ बाबा' म्हणतात. त्या 'बघ बाबा'नंच माझं डोकं फिरतं.

आपलं ते शारजातलं स्वयंपाकघर आठवतंय. तू डबे-बिबे ओट्यावर चढवून फरशीभर याच गाडीच्या छपराचं कापड अंथरलंयस, आणि मला दारातून आत यायला बंदी आहे. शेजारचे रत्नागिरीचे चाचा, गॅरेजवाले, ते कापड घेऊन आलेत. "भाभी, एवढी लांब शिवण सरळ घालणारं दुसरं कोण आहे इथं?" खाली उभी असलेली गाडी तू आधीच खिडकीतून बघून घेतलीयस. "एवढी राजेशाही गाडी आणि डोक्यावर पत्रा नाही? या उन्हात?" चाचा समजावतात, अहो, ही हवा खायची गाडी. "हवा कुठाय इथं? भट्टी आहे नुसती!" जाड कापडात तुझी सुई मोडते, तू तिला शिव्या देतेस, दुसरी लावतेस. शेवटी पुढच्या कडेला तू चार बोटं कापड आत दुमडलंस, माझ्या फ्रॉकना दुमडायचीस तसंच. चाचांनी ते बघितलं आणि हसून हसून बेजार झाले. "भाभी, गाडी काय पुढच्या वर्षी उंच होणार आहे?" तू आधी ओशाळलीस, मग भडकलीस. "गेला हात सवयीनं! आता मी उसवायची नाही, जा!" तेही बिचारे तसंच घेऊन गेले.

हे सगळं आजपर्यंत मी साफ विसरले होते, आई. सकाळी चौकटीखालच्या पिना उपटल्या, वाळलेला गोंद खरवडला, तर आतून कापड निघतच राहिलं. ऊन न लागलेलं, कोरं, मूळच्या बदामी रंगाचं. "अगं आई गं!" असं मी ओरडले की लेक फोन टाकून धावत आली. "मम्मा, आर यू ओके?" म्हटलं, तुझ्या आजीनं गाडी वाढत्या अंगाची समजून कापड ठेवलंय. "दॅट्स सो फनी," म्हणाली, पण मग बाही सावरून दुसरं टोक धरलं पोरीनं. गाडी उन्हात काढली, कापड चांगलं तापून नरम होऊ दिलं, आणि दोघींनी मिळून ताणलं. घामानं नुसत्या निथळत होतो.

दुपारी अरब बाबा आले. मी बटण दाबलं. पंप गुरगुरला, छप्पर पुढे आलं. आणि हुक टक्कन लागला. बाबांनी कापडावरून हात फिरवला, पुढच्या कडेला निघालेल्या गडद पट्टीवर बोट ठेवलं. "ये किसने रखा था?" म्हटलं, मेरी माँ ने. ते छान हसले. "माशाल्ला. लेकिन बेटी, ये कपडा अब मेरे जैसा बूढा हो गया. पूरा निकालो, नया तुम सिलो. मुझे इसमें खोर फक्कान जाना है, समंदर देखने." मी घाबरतच विचारलं, और बाकी गाडियाँ? काठी उचलून म्हणाले, "यल्ला, चलो, वो भी!"

घरी फोन केला तर तुझे जावई म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?" कधी म्हणाले होते, देव जाणे.

हे पत्र तू गेलीस तिथं कुठल्या पत्त्यावर टाकणार मी? राहील इथंच, मशीनच्या खणात. पण तुझ्यापासून काय लपवायचं? तुझी शिवण मी उद्या उसवणार आहे. वाटलं होतं, जीव तुटेल, रडू येईल. नाही आलं गं. हात नुसते शिवशिवतायत.